रिकाम्या फोल्डरचं वजन

दारावरच्या पाटीवर तीन ओळी होत्या: 'खासगी तपास', 'वेळ दहा ते पाच' आणि 'जिना जपून चढावा'. तिसरी ओळ भाऊजींनी स्वतःच्या अकलेने वाढवली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. त्या दिवशी सकाळी साडेनऊला आलेल्या मुलीने यातली एकही ओळ वाचली नसावी. ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली आणि धापा टाकत खुर्चीत बसली. अंगावर परिचारिकेचा गणवेश तसाच होता.

"माझ्या बाबांना आज दुपारी चार वाजता खोटारडं ठरवणार आहेत," ती म्हणाली. "तुम्ही काही करू शकाल का?"

"आधी पाणी पी," वहिनी म्हणाल्या. "चारला अजून वेळ आहे."

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. बावीस वर्षे त्यांनी एका विमा कंपनीच्या दप्तरातले संगणक सांभाळले. खोटे कागद आणि खोटी माणसे ओळखण्याची सवय तिथेच लागली, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी हा उद्योग काढला. भाऊजी टपाल खात्यात चौतीस वर्षे पत्रांची छाननी करून घरी बसले होते. वहिनींनी त्यांना वही दिली आणि मदतीला घेतले. आपण नेमके चुकीचे प्रश्न विचारतो आणि त्यामुळेच वहिनींना बरोबर उत्तरे सुचतात, असे भाऊजींचे प्रामाणिक मत होते.

मुलीची हकिगत सरळ होती. तिचे वडील नदीच्या पाणीमापन केंद्रात नोंदकार होते. नोकरीला एकतीस वर्षे झाली होती, निवृत्तीला दोन महिने उरले होते. अकरा वर्षांपूर्वी केंद्रात पातळी मोजणारे यंत्र बसले. ते दर मिनिटाला एक चिमुकली फाइल लिहून संगणकातल्या एकाच फोल्डरात टाकत असे. वडील त्या यंत्राची देखभाल इतक्या निष्ठेने करत, की अख्खे केंद्र त्यांना 'मिनिटराव' म्हणू लागले.

"तीन आठवड्यांपूर्वी पूर आला," मुलगी म्हणाली. "बाबांनी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी साहेबांना फोन केला, पाणी लाल रेषेवर गेलंय म्हणून. साहेबांनी गावाखालच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले सहाला. तोवर खालच्या आळीत छातीइतकं पाणी. आता साहेब म्हणतात, फोन आलाच नाही. चौकशी समितीने नोंदी मागितल्या. सोमवारी साहेबांनी सगळ्यांसमोर फोल्डर उघडला..."

"आणि?"

"रिकामा! एकही फाइल नाही. साहेब म्हणाले, यंत्र कधी चाललंच नाही, अकरा वर्षं हा माणूस घरी बसून आकडे रचतोय." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "ताई, खरं सांगू? काल रात्री माझ्याही मनात आलं, की बाबांनी खरंच... मला माझीच लाज वाटली."

"लाज वाटली ना? मग झालं," वहिनी उठल्या. "भाऊजी, छत्री घ्या, वही घ्या. आणि चष्मा कपाळावर आहे, तो शोधू नका."

केंद्र नदीकाठच्या एका बसक्या इमारतीत होते. समितीचे पत्र मुलीच्या हातात होते. त्यात लिहिले होते की आरोप असलेल्या माणसातर्फे कोणीही येऊन तो फोल्डर पाहू शकेल, फक्त तो एकच, आणि काहीही बदलता येणार नाही. बाकी संगणकाला सोमवारपासून मोहोर लागली होती.

संगणकाच्या खोलीत अहवालबाई बसल्या होत्या. केंद्राचे साप्ताहिक अहवाल त्याच काढत. त्यांच्या मागे हाताची घडी घालून साहेब उभे होते. केंद्राचे प्रमुख अभियंते, कडक इस्त्रीचे आणि त्याहून कडक आवाजाचे.

"उघडा," वहिनी म्हणाल्या.

अहवालबाईंनी बटण दाबले. पडद्यावरचे चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले. भाऊजींनी घड्याळ पाहिले. एक मिनिट झाले, दोन झाली. चार मिनिटांनी खिडकी उघडली. आत पांढरे स्वच्छ मोकळे पान.

"बघितलंत?" साहेब म्हणाले.

"बघितलं. शेजारी तो 'इतर' नावाचा फोल्डर दिसतोय, तो कसला?"

"तो तर कायमच रिकामा असतो," अहवालबाई म्हणाल्या आणि त्यांनी सहज बटण दाबले. तो पापणी लवायच्या आत उघडला.

"तो तुमच्या परवानगीत बसत नाही," साहेबांनी लगेच बजावले.

"चुकलंच," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या. "आता फक्त आपल्या फोल्डरचं स्वतःचं माप विचारा. आतल्या फाइलींचं नको, फोल्डरचं." त्यांनी सांगितलेली एक ओळ अहवालबाईंनी टाइप केली. उत्तर आले: दोनशे वीस एमबी. भाऊजींनी ते वहीत उतरवून घेतले. हा आकडा मोठा की लहान हे त्यांना कळले नाही, पण ते तसे दाखवणाऱ्यातले नव्हते.

पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी सूचना लुकलुकत होती: डिस्क एक्क्याण्णव टक्के भरली आहे.

"ही कधीपासून आहे?" वहिनींनी विचारले.

"झाले की दोन-तीन महिने. टक्का कधी अर्ध्याने वाढतो, कमी कधीच होत नाही."

साहेबांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. त्याबरोबर अहवालबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

"माझ्याचमुळे झालं हो सगळं. मशीन रडतखडत चालायचं. साप्ताहिक अहवालाचं बटण दाबलं की कागद यायला बारा मिनिटं. मी तीनदा तक्रार केली, म्हणून शनिवारी तारवाला आला. तो आमचा कंत्राटी तंत्रज्ञ. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत एकटा खपत होता. त्यानेच चुकून सगळं पुसलं असणार."

"त्या फाइली तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिल्या होत्या?"

"कशा पाहणार? फोल्डर उघडायला गेलं की मशीन गोठायचं, मग आम्ही नाद सोडून द्यायचो. अकरा वर्षांत कोणीच आत डोकावलेलं नाही. मी आपली अहवालाचं बटण दाबायची."

"शनिवारी दाबलंत?"

"हो, सहाला. तारवाला म्हणाला, बघा आता गंमत. मी नेहमीप्रमाणे चहा घ्यायला उठले, तर कप हातात येईपर्यंत कागद बाहेर!"

भाऊजींनी मोठ्या समाधानाने लिहिले: 'पोट रिकामे झाले, म्हणून मशीन हलके झाले.'

"कागदावर काय होतं?" वहिनींनी विचारले.

"आठवड्याचे आकडे, नेहमीसारखे."

"कुठे आहे तो कागद?"

"साहेबांनी नेला. ते तेव्हाच आले होते, तारवाल्याच्या कामाच्या चिठ्ठीवर सही करायला. तशी पद्धतच आहे. काम संपलं की तो काय केलं ते लिहून देतो, साहेब सही करतात."

"आणि तारवाला आता कुठे आहे?"

"रविवारी सकाळीच त्याला वरच्या खोऱ्यातल्या केंद्रावर पाठवलं. तिथे मोबाइल लागत नाही. फक्त वायरलेस, तोही दुपारी चार ते पाच."

साहेबांची खोली टापटीप होती. त्यांनी बसायला सांगितले नाही, म्हणून वहिनी आपणहून बसल्या.

"तारवाल्याने शनिवारी काय केलं?"

"धूळ झटकली. मला काय ठाऊक? मी त्या यंत्रात लक्ष घालत नाही."

"त्याची चिठ्ठी?"

"या वेळी दिलीच नाही. हल्लीची माणसं अशीच बेजबाबदार."

"शनिवारचा अहवाल तुम्ही नेलात म्हणे."

"टाकून दिला. रचलेल्या आकड्यांचं काय लोणचं घालायचंय?" साहेब उठून उभे राहिले. "बाई, तुमचं वय बघून सांगतो. त्या म्हाताऱ्याचा पुळका सोडा. एक काय, चार हजार फोल्डर उलटेपालटे केलेत, तरी जे नाही ते तुम्हाला सापडणार नाही."

"तेही खरंच," वहिनी म्हणाल्या आणि आभार मानून बाहेर पडल्या. भाऊजींना राग आला. वहिनी अशा मुकाट्याने ऐकून घेतात, हे त्यांना नवीन होते.

मिनिटराव यंत्राच्या खोपटात सापडले. बारीक चणीचा माणूस, सदऱ्याची सगळी बटणे लावलेली. ते फडक्याने काच पुसत होते.

"निलंबित केलंय ना तुम्हाला?" भाऊजींनी विचारले.

"केलंय. पण काचेवर शेवाळ धरतं, त्याला निलंबन कळत नाही."

यंत्रावरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला. भाऊजी बोलत राहिले, वहिनी दिव्याकडे पाहत राहिल्या. बरोब्बर एका मिनिटाने तो पुन्हा लुकलुकला.

"हा दिवा कशाचा?"

"फाइल लिहून झाली की लागतो. नाही लिहिता आली, तर लाल लागतो." मिनिटराव ताठ उभे राहिले. "बाई, मला संगणकातलं काही कळत नाही. पण हा दिवा हिरवा ठेवणं माझ्या हातात होतं आणि मी तो ठेवला. आता तिथं काही नाही म्हणतात. मग मी अकरा वर्षं काय केलं, ते तुम्हीच मला सांगा."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. भाऊजींना मात्र गलबलून आले. आपल्या हातून गेलेली चौतीस वर्षांची पत्रे कोणी 'नव्हतीच' म्हटली असती, तर आपण काय केले असते, असे त्यांच्या मनात आले.

"चार वाजता सांगते," वहिनी म्हणाल्या.

समिती केंद्राच्याच लांबट सभागृहात बसली. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. शेजारी पेन सरसावून लेखनिक. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मिनिटराव आणि त्यांची मुलगी. मोहोर लावलेला संगणक मध्ये आणून ठेवला होता, त्याच्यापुढे अहवालबाई.

"तुमचं म्हणणं थोडक्यात सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हा फोल्डर रिकामा आहे, हे मला मान्य आहे," वहिनी म्हणाल्या. साहेब हसले. "पण तो कायम रिकामा होता, हे नाही. रिकामा फोल्डर क्षणात उघडतो. शेजारचा उघडला. याला चार मिनिटं लागली. का? भाऊजी, तुमच्या टपालाच्या कपाटाचं सांगा जरा."

भाऊजी दचकले. चारचौघांत बोलायचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. पण विषय त्यांचा होता.

"आमच्याकडे पत्रांसाठी कप्प्यांचं कपाट असायचं," ते घसा साफ करून म्हणाले. "पत्रं वाढली की कप्पे वाढवायचे. पत्रं गेली तरी कप्पे काही काढत नाहीत, कपाट तेवढंच राहतं. मग कपाट रिकामं आहे का, असं कोणी विचारलं, की एकेक कप्पा बघायला लागतो. मोठं कपाट असलं तर अर्धा दिवस जायचा आणि उत्तर काय, तर काही नाही!"

"फोल्डरचं तसंच आहे," वहिनी म्हणाल्या. "या संगणकात फोल्डर फाइलींच्या नावांची यादी ठेवतो. फाइली वाढल्या की यादीचं कपाट वाढतं. फाइली गेल्या तरी ते आक्रसत नाही. ज्यात काही ठेवलंच नाही, त्याचं माप जेमतेम चार केबी असतं. याचं आहे दोनशे वीस एमबी. एवढं कपाट पन्नास-साठ लाख नावांशिवाय होत नाही. अकरा वर्षांची मिनिटं मोजा, अठ्ठावन्न लाखांच्या आसपास येतात. कोणी घरी बसून आकडे रचले, तर ते कागदावर रचेल. फोल्डरचं पोट नाही फुगवता येत."

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "म्हणजे फाइली होत्या आणि पुसल्या गेल्या?"

"पुसल्या असत्या, तर जागा मोकळी झाली असती. डिस्क एक्क्याण्णव टक्के भरलेली होती, अजून तेवढीच आहे. फाइली याच डिस्कवर आहेत, फक्त जागा बदलली आहे. आणि यंत्र अजूनही हिरवा दिवा दाखवतंय, म्हणजे आजच्या नोंदीही कुठेतरी नीट पोचताहेत. हे पुसणाऱ्याचं काम नाही. हे घर लावणाऱ्याचं काम आहे."

"कोणाचं?"

"तारवाल्याचं. अहवालबाईंनी शनिवारी सहाला बटण दाबलं, कागद चुटकीसरशी आला. भाऊजींना वाटलं, फोल्डर रिकामा झाला म्हणून मशीन पळालं. पण कागदावर आकडे होते! फाइली नसत्या तर आकडे कुठून आले? अहवाल झटकन आला, कारण अठ्ठावन्न लाख फाइलींच्या एका ढिगात शोधावं लागलं नाही. त्या माणसाने दिवसभर खपून ढीग मोडला, लहान लहान फोल्डरांत लावला, आणि यंत्राला नि अहवालाला नवा पत्ता दिला. जुनं रिकामं कपाट तेवढं तिथेच राहिलं."

भाऊजींनी हळूच वहीतली ती ओळ खोडली.

"तर्क छान आहे," साहेब म्हणाले. "पण मला यातलं काही माहीत नव्हतं. मी जो फोल्डर होता, तो दाखवला."

"साहेब, तुम्हाला सगळं माहीत होतं. दुपारी तुम्हीच मला म्हणालात, चार हजार फोल्डर उलटेपालटे केलेत तरी सापडणार नाही. माणूस रागात छप्पन्न म्हणतो, शंभर म्हणतो, हजार म्हणतो. चार हजार कोणी म्हणत नाही. म्हणून मी हिशेब केला. यंत्र बसल्यापासून शनिवारपर्यंत चार हजार अठरा दिवस झाले. तारवाल्याने दिवसाला एक असा फोल्डर केला असणार, आणि तो आकडा लिहिला असणार त्याच्या चिठ्ठीत. जी तुम्हाला मिळालीच नाही."

साहेबांचा चेहरा पडला.

"चिठ्ठी वाचल्यावर तुमच्या लक्षात आलं, की जुना फोल्डर आयता रिकामा मिळालाय," वहिनी शांतपणे पुढे म्हणाल्या. "तुम्हाला काहीच करावं लागलं नाही. चिठ्ठी दाबली, अहवालाचा कागद उचलला, तारवाल्याला डोंगरात पाठवलं आणि सोमवारी समितीला नेमकं तेच दार उघडून दाखवलं. मशीनला मोहोर लागली, म्हणजे दुसरं दार कोणी शोधणार नाही."

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिले. चार वाजून वीस मिनिटे झाली होती. त्यांनी वायरलेस मागवला. खरखरीतून तारवाल्याचा आवाज आला, आणि त्याला काय घडले याची कल्पनाच नव्हती.

"फाइली ना? 'दिनवार' नावाखाली आहेत. चार हजार अठरा फोल्डर केलेत, पुढचे रोज आपोआप होतात. चिठ्ठी साहेबांच्या हातात दिली, सही पण घेतली. का हो, अहवाल परत अडकायला लागला का?"

"नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "फार छान चाललाय." त्यांनी मोहोर काढायला सांगितली.

'दिनवार' क्षणात उघडला. अहवालबाईंनी शनिवारपर्यंतच्या सगळ्या फाइली मोजायला लावल्या. थोड्या वेळाने आकडा आला: सत्तावन्न लाख पंच्याऐंशी हजार आठशे सत्त्याण्णव. अध्यक्षबाईंनी कागदावर गुणाकार केला.

"तेवीस मिनिटं कमी आहेत," त्या म्हणाल्या.

"बॅटरी," मिनिटराव पहिल्यांदाच बोलले. "बदलताना एक मिनिट जातंच. तेवीस वेळा बदलली. तारखा हव्यात का?"

"नकोत," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि या लहानखुऱ्या माणसाकडे नीट पाहिले. आपले काम असे निखालस बाहेर येताना पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना मिळते. भाऊजींची छाती अशी भरून आली, की जणू तो हिरवा दिवा त्यांनीच अकरा वर्षे सांभाळला होता.

"पुराच्या दिवसाचा फोल्डर उघडा. चार वाजून दहा मिनिटं. कोण वाचतंय?"

"मी वाचते," मुलगी म्हणाली. ती पडद्यापाशी गेली. "पहाटे चार दहा. पातळी सात पूर्णांक चार दोन मीटर. लाल रेषा ओलांडली." मग ती वडिलांकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, माझ्या मनात एकदा शंका आली होती. मला माफ करा."

"तू रात्रपाळी करून धावत आलीस. शंका असलेलं माणूस धावत नाही," मिनिटराव म्हणाले.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसले आणि पाणी मागितले. लेखनिक भराभर लिहीत होता. लिहिता लिहिता तो पुटपुटला, "पहाटे चार दहा, पातळी सुमारे साडेसात मीटर..."

"सुमारे नाही," मिनिटराव उठून उभे राहिले. "सात पूर्णांक चार दोन."

लेखनिकाने अध्यक्षबाईंकडे पाहिले.

"ते सांगतील तसं लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

लेखनिकाने आधीची ओळ खोडली आणि मिनिटराव सावकाश, एकेक आकडा सांगू लागले.